पाणी कोठे गेले?

मृगाच्या सरी कोसळून काही दिवस लोटले, की चोपड्याच्या उत्तरेला उभा असलेला सातपुडा आपला रंग पालटू लागतो. चैत्र-वैशाखात जो डोंगर करपलेला, उघडा आणि दूरचा वाटत होता, तोच हिरवी शाल पांघरून गावाच्या वेशीपर्यंत चालत आल्याचा भास होतो. मग तरुणांच्या तोंडी एकच विषय असतो : यंदा मनुदेवीचा धबधबा कधी सुरू होणार? आणि त्यांच्या आईवडिलांच्या मनात दुसराच प्रश्न असतो : मुलांना पाठवावे की न पाठवावे?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर पाऊस देतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपणां वडीलधाऱ्यांनाच द्यावे लागते, आणि ते नुसत्या होकाराने किंवा नकाराने देऊन भागत नाही. धर्मग्रामातील युवक-युवतींची शिबिरे घेऊन या डोंगराच्या पायथ्याशी जाण्याचा योग आम्हांला अनेक वर्षे लाभला आहे. त्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

चोपड्याहून यावलकडे जाणारा रस्ता सातपुडा डाव्या हाताला ठेवून पूर्वेकडे धावतो. अडावद लागते. उनपदेवाचे गरम पाण्याचे झरे येथूनच जवळ, डोंगराच्या कुशीत आहेत. पुढे धानोरा, किनगाव अशी गावे मागे पडतात आणि आडगावच्या बाजूने आपण उत्तरेला वळलो, की केळीच्या बागा हळूहळू विरळ होत जातात व साग, सालई, धावडा, अंजन यांचे जंगल सुरू होते. तेथे दरीच्या टोकाशी मनुदेवीचे ठाणे आहे. खानदेशातील अनेक कुळांची ही कुलस्वामिनी. देवळामागच्या काळ्या कातळावरून पावसाळ्यात पाण्याची धार खाली झेपावते. ती किती उंच? कोणी तीनशे फूट सांगतो, कोणी चारशे. वाटेत चहा पाजणारा मनुष्य आणखी थोडी भर घालतो!

या भर घालण्याचे आम्हांला कधी नवल वाटले नाही. धबधब्यापुढे उभे राहिले, की माणसाचे मोजमाप चुकतेच. १६७८ साली फादर लुई हेनेपिन नावाचे एक फ्रान्सिस्कन मिशनरी उत्तर अमेरिकेच्या अरण्यातून प्रवास करीत असताना नायगाऱ्याच्या धबधब्याशी येऊन पोहोचले. त्या धबधब्याचे छापील वर्णन युरोपातील वाचकांपुढे प्रथम आले, ते त्यांच्याच लेखणीतून, १६८३ साली. पुढे आपल्या दुसऱ्या ग्रंथात त्यांनी त्याची उंची सहाशे फुटांहून अधिक सांगितली. प्रत्यक्षात ती दोनशे फूटही नाही. फादर हेनेपिन यांना आम्ही खोटे म्हणणार नाही. भारावलेल्या डोळ्यांनी मोजले, की असेच मोजले जाते.

नायगाऱ्याचा उल्लेख येथे आणखी एका कारणासाठी करावासा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या धबधब्याच्या अमेरिकेकडील काठावर कारखाने आणि खाजगी मालकांची कुंपणे उभी राहिली होती. पैसे मोजल्यावाचून पाण्याचे दर्शनही घडत नसे. काही विचारवंत आणि कलावंत या प्रकाराविरुद्ध उभे राहिले. उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हे त्यांतील एक प्रमुख. अखेर १८८५ साली न्यूयॉर्क राज्याने ती जमीन विकत घेऊन सर्वांसाठी मोकळी केली. धबधबा हा कोणा एकाच्या मालकीचा नाही, तो पाहणे हा गरिबाचाही हक्क आहे, हा विचार त्या दिवशी कायद्यात उतरला.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. आपल्या सातपुड्याला कुंपण नाही. यावल आणि रावेर तालुक्यांतील सुमारे १७६ चौरस किलोमीटर जंगल १९६९ साली यावल अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्या कायद्यान्वये अभयारण्यात पर्यटनासाठी शिरायचे, तर वनखात्याचा परवाना लागतो. तेथे आग लावणे, हत्यार नेणे, झाडाझुडपांचा नाश करणे या गोष्टींना मनाई आहे. तरुणांना हे नियम प्रथम जाचक वाटतात. जंगलात जाऊन शेकोटी नाही, तर मग जायचे कशाला, असे ते विचारतात. आम्ही त्यांना इतकेच सांगतो, की दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर आपण त्यांच्या चुलीत आपली लाकडे घालीत नाही.

म्हणून आमचे शिबिर जंगलात कधीच उतरत नाही. ते उतरते जंगलाबाहेर, पायथ्याच्या एखाद्या परिचित शेतकऱ्याच्या मळ्यात. काळ निवडायचा तो भाद्रपदाच्या अखेरचा. श्रावणाचा जोर ओसरलेला असतो, धबधबा अजून वाहता असतो आणि नवरात्रातील यात्रेची गर्दी सुरू व्हायची असते. खळ्याच्या एका अंगाला मुलांच्या राहुट्या, घराच्या पडवीत धर्मभगिनींच्या देखरेखीखाली मुलींची सोय. स्वयंपाक खानदेशाचा : गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या बट्ट्या, तुरीचे वरण आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी. ताटाऐवजी केळीचे पान. जेवण संपले, की ती पाने गोठ्यातील जनावरांपुढे जातात. कचरा उचलण्याविषयी वेगळे प्रवचन करावे लागत नाही, कारण कचरा होतच नाही.

जेवणानंतर दिवा मालवतो. मोबाइल दूरदर्शन नसलेली ती पहिली रात्र शहरी मुलांना जड जाते. कोणी कूस बदलतो, कोणी कुजबुजतो. मग हळूहळू बेडकांचा आणि रातकिड्यांचा आवाज मोठा होत जातो, आणि त्याच्याही पलीकडे दरीतून येणारी एक अखंड घरघर ऐकू येऊ लागते. ती धबधब्याच्या पाण्याची. दिवसा जे कानी पडत नाही, ते रात्री ऐकू येते. आम्हांला वाटते, विसावा या शब्दाचा अर्थ मुलांना त्या रात्री प्रथम कळतो. विसावा म्हणजे नुसते काम थांबणे नव्हे. आपला आवाज थांबला, की दुसऱ्याचा ऐकू येतो, तो विसावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी धबधब्याकडे निघायचे. निघण्यापूर्वी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली मौनाची. आपण ज्या ठिकाणी जातो आहोत ते अनेक बांधवांचे पूजास्थान आहे. दुसऱ्याच्या देवळाच्या अंगणात कर्णे लावून नाचणे हे कोणत्याही धर्माच्या माणसाला शोभत नाही. आपल्या चर्चच्या पायऱ्यांवर कोणी तसे केले, तर आपल्याला काय वाटेल? एवढा एक प्रश्न विचारला, की मुलांना पुढचे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या भयाची. पालकहो, तुमच्या मनातील धास्ती खरी आहे आणि ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. एक स्त्री आणि चार मुले. क्षणापूर्वी जेथे गुडघाभर पाणी होते, तेथे क्षणात लोंढा आला. सातपुड्यातही असेच घडू शकते. आपण खाली उन्हात उभे असतो. पाऊस मात्र वर, डोंगरापलीकडे मध्य प्रदेशच्या हद्दीत पडत असतो. आपल्याला तो दिसत नाही. त्याचे पाणी मात्र येऊन पोहोचते. म्हणून आम्ही मुलांना डोहात पोहायला उतरू देत नाही आणि ओढ्याच्या पात्रात कोणाला बसूही देत नाही. ओढ्याचे नितळ पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा आणि काटक्या तरंगत येऊ लागल्या, वरच्या अंगाने नेहमीपेक्षा वेगळा घुमारा ऐकू आला, तर सामान टाकून काठावर उंच चढायचे. छायाचित्रासाठी कातळाच्या ओल्या कडेवर पाऊल ठेवायचे नाही. हे नियम पाठ करून घेतल्यावाचून आम्ही कोणालाही मळ्याच्या बाहेर पडू देत नाही.

धबधब्यापाशी आम्ही फार वेळ थांबत नाही. तासभर पुरे होतो. कारण आमच्या शिबिराचा खरा कार्यक्रम धबधबा पाहिल्यानंतर सुरू होतो. बहुतेक सहली पाणी पडते तेथे संपतात. आम्ही तेथून पाण्याच्या मागोमाग, काठाकाठाने खाली चालू लागतो.

सातपुड्याचा हा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. थरावर थर साचत गेले. पाणी कडेवर आले, की पायरी उतरावी तसे उडी घेते. कडा उतरल्यावर ओढा खळाळत चालू लागतो. मुले उत्साहाने त्याच्याबरोबर निघतात. जंगल मागे पडते, दरीचे तोंड रुंदावते, पात्रात गोट्यांचा आणि वाळूचा पसारा दिसू लागतो. आणि मग एक विलक्षण प्रकार घडतो. ओढा बारीक होत जातो. धारेची रेघ होते, रेघेची ओल होते आणि थोड्या अंतरावर नुसते कोरडे दगड उरतात. वर एवढी गर्जना करणारे पाणी येथे बेपत्ता!

"फादर, पाणी कुठे गेलं?" एका वर्षी एका मुलीने विचारले. तेव्हापासून दरवर्षी कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतेच. आम्ही उत्तर देत नाही. ते काम मळ्याच्या मालकाचे. तो त्यांना आपल्या विहिरीपाशी नेतो, काठावरून आत पाहायला सांगतो आणि म्हणतो, "हे काय, इथं आलंय."

सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहत आलेल्या दगडगोट्यांचा आणि भरड रेतीचा एक लांबलचक पट्टा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगराचा कातळ पाणी सहजी मुरू देत नाही. खालच्या तापीकाठची काळी जमीनही ते हळूहळूच पिते. मधला हा पट्टा मात्र चाळणीसारखा आहे. डोंगरातून आलेले ओढे येथे जमिनीत शिरतात आणि भुईखालून दक्षिणेकडे, तापीच्या दिशेने झिरपत जातात. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील विहिरींना पाणी पुरविणारी ही अदृश्य वाट. ज्या जळगाव केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जिच्यावर आमच्या धर्मग्रामातीलही काही घरांच्या चुली पेटतात, ती केळी या पाण्यावर उभी आहे. मुलांनी सकाळी ज्याच्याखाली तोंड वर करून तुषार झेलले, तेच पाणी काही काळाने त्यांच्या घरच्या माठात उतरणार असते.

हे कळले, की मुलांचे चेहरे बदलतात. तोवर धबधबा ही त्यांच्या लेखी एक गंमत असते. आता तो आपल्या घरचा विषय होतो.

मळ्याच्या मालकाचे बोलणे मात्र तेथे थांबत नाही. त्याच्या आजोबांच्या वेळी याच विहिरीवर मोट चालत असे. वडिलांनी इंजिन बसविले. त्याने स्वतः बोअर घेतली, मग तिच्याहून खोल दुसरी घेतली. आता दर उन्हाळ्यात पाइप किती उतरवावा लागला, याचा हिशेब त्याला ठेवावा लागतो. यावल आणि रावेर या तालुक्यांची गणना भूजलाचा अतिउपसा होणाऱ्या तालुक्यांत होते. जेवढे मुरते त्याहून अधिक आपण काढतो, हा त्याचा साधा अर्थ. पायथ्याच्या याच पट्ट्यात तापीचे पुराचे पाणी मुरवावे, अशी योजना कित्येक वर्षे चर्चेत होती. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या राज्यांनी तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. ती पूर्ण व्हावी, अशी प्रार्थना आपण जरूर करू. परंतु शासनाचा कालवा येईल तेव्हा येईल. डोंगरावरचे झाड हे पाणी मुरविण्याचे काम आजही विनामूल्य करीत आहे. झाड उभे असले, तर पावसाचा थेंब पानावर अडतो, पाचोळ्यात विसावतो आणि मुळांच्या वाटेने जमिनीत जातो. झाड गेले, तर तोच थेंब माती घेऊन धावत सुटतो. गेल्या काही दशकांत सातपुड्याच्या या भागात जंगल किती विरळ झाले, हे पायथ्याच्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारावे.

येथे एका गोष्टीचा खुलासा आवश्यक आहे. जंगल तुटले, की त्याचा दोष चटकन पावरा, बारेला, तडवी, भिल्ल या डोंगरातील बांधवांच्या माथी मारण्याची आपणां सपाटीवरच्या लोकांना सवय आहे. पोटासाठी काही जमीन नांगरली गेली, हे खरे. परंतु सातपुड्याचा साग सपाटीवरच्याच घरांच्या दारा-खिडक्यांत येऊन बसला, हेही तितकेच खरे. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात गेल्या, त्यांच्या हक्कांना मान्यता देणारा कायदा होण्यास २००६ साल उजाडावे लागले. म्हणून शिबिराची दुसरी संध्याकाळ आम्ही पाड्यावरच्या एका वृद्ध पावरा गृहस्थांसाठी राखून ठेवतो. मुले त्यांना बाबा म्हणतात. बाबा फार बोलत नाहीत. मुलांनी आणलेले एकेक पान ते हातात घेतात, वास घेतात आणि झाडाचे नाव सांगतात, त्या झाडाचे काय काय उपयोगी पडते ते सांगतात. मोहाची फुले कधी वेचायची, चारोळी किती झाडावर राहू द्यायची, धावड्याचा डिंक कसा काढायचा, तेंदूची पाने केव्हा तोडायची. बारावीत वनस्पतिशास्त्रात उत्तम गुण मिळविलेला एक मुलगा त्या संध्याकाळी अगदी गप्प झाला होता. त्याला पाठ असलेल्या नावांपैकी एकही झाड त्याने ओळखले नव्हते.

झाडांना नावानिशी ओळखण्याची आवड असणारे एक मोठे धर्मगुरू आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे स्पेनमधून आलेले येशूसंघी. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. खंडाळ्याच्या डोंगरात वर्षानुवर्षे भटकून त्यांनी तेथील वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. लोक ज्या खंडाळ्याला हवापालटासाठी जात, त्याच खंडाळ्यात त्यांनी गवताच्या पात्यापर्यंत सर्वांची विचारपूस केली. विश्रांती आणि अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे अशा माणसांकडे पाहून वाटत नाही.

काही पालक विचारतात, धर्मगुरूंनी मुलांना प्रार्थना शिकवावी, हे डोंगर चढणे कशासाठी? त्यांना आम्ही पोप संत जॉन पॉल दुसरे यांच्या तरुणपणाची आठवण करून देतो. पोलंडमध्ये साम्यवादी राजवट असताना धर्मगुरूंनी तरुणांची मंडळे बांधण्यास बंदी होती. तेव्हा क्राकोवचे तरुण फादर कारोल वोयतिवा साध्या वेषात विद्यार्थ्यांबरोबर डोंगरांत आणि नद्यांवर जात. ओळख लपावी म्हणून मुले त्यांना 'काका' अशी हाक मारीत. उलट्या ठेवलेल्या होडीची वेदी करून ते मिस्सा अर्पण करीत. १९५८ च्या उन्हाळ्यात आपली बिशपपदी नेमणूक झाल्याची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचली, तेव्हाही ते अशाच एका होडीच्या सफरीवर होते. ज्या राजवटीने मंडळांवर बंदी घातली, तिला नदीवर मात्र बंदी घालता आली नाही. एकत्र चालणे, एकत्र रांधणे, एका काठावर गप्प बसणे यांतून जी माणसे घडतात, ती सभागृहात घडत नाहीत, एवढे त्या काकांना ठाऊक होते.

तेव्हा पालकहो, मुलांना पाठवा. परंतु कोणाबरोबर, कोठे, किती दिवस, मुक्काम कोणाच्या मळ्यात, हे विचारल्यावाचून पाठवू नका. बरोबर जाणाऱ्या प्रौढांना पाण्याचे नियम ठाऊक आहेत ना, याची खात्री करून घ्या. शक्य असेल, तर तुम्हीही या. बट्ट्या भाजायला माणसे नेहमीच कमी पडतात! आणि मुले परत आली, की मजा आली का, एवढेच विचारून थांबू नका. त्यांना पाण्याचा मार्ग विचारा. कोठून आले, कोठे पडले, कोठे नाहीसे झाले आणि आपल्या घरी कसे पोहोचले? हे ज्याला सांगता येईल, तो पुढच्या वेळी डोंगरावरचे झाड तोडताना किंवा विहिरीवर आणखी एक बोअर घेताना क्षणभर तरी थांबेल. ते क्षणभर थांबणे सातपुड्याला आणि तापीकाठच्या आपणां सर्वांना पुष्कळ आहे.